टॉक निवडताना गुणांची सरासरी धरावी का?

उद्यमनगरकर:
कोल्हापुरात आमच्या ग्रुपची एक दिवसाची टेक परिषद आहे. आलेल्या प्रस्तावांतून टॉक निवडायचं काम आम्हा चौघांकडे आलंय. पुण्या-बंगळूरचे प्रस्ताव एकदम चकाचक: कंपनीचं नाव, जुन्या भाषणांचे व्हिडिओ, सगळं जागच्या जागी. आणि इथल्या एका पोरानं मोडक्या इंग्रजीत चारच ओळी लिहिल्यात. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर नोंदवतो, लाईट गेली की मेमरी कार्ड खराब व्हायचं, त्यावर काय केलं ते सांगणार. तिघांनी २ गुण दिले, मी ५. सरासरीत तो बाहेर पडतोय आणि मला ते पटत नाही. काय करावं?

अकरावी गल्ली:
पहिल्या फेरीत नाव, कंपनी, गाव झाका. हबल दुर्बिणीचा वेळ वाटताना २०१८ मध्ये अर्जदारांची नावं परीक्षकांपासून लपवली. स्त्री शास्त्रज्ञांच्या प्रस्तावांचं यश आधी कायम पुरुषांपेक्षा कमी असायचं, त्या फेरीत ते पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं.

शिरोली नाका:
ताई, नाव झाकाच, पण त्यानं या पोराचं भागणार नाही. नाव झाकलं तरी इंग्रजी उघडंच राहतं.

मी फाउंड्रीतच ऑटोमेशन करतो. ओतायच्या वेळी धातूचा रस १,४०० अंशांच्या आसपास असतो, वर धूळ, त्यात लाईटचा लपंडाव. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडते, हे खरंय. पण त्यानं केलं काय? कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं? छोटी बॅटरी लावली? नोंदी दुसरीकडे पाठवल्या? टॉकचा जीव त्या उत्तरात आहे आणि प्रस्तावात नेमकं तेच नाही. दोन गुण देणारेही चुकले नाहीत, त्यांच्यासमोर माल कमी होता.

त्याला फोन लावा. मराठीत बोलू द्या. आधी काय करून बघितलं, काय फसलं, ऐकणाऱ्यानं सोमवारी कारखान्यात जाऊन काय बदलायचं, एवढं विचारा. मग त्याच्याकडूनच पुन्हा लिहून घ्या. ही संधी मात्र सगळ्यांना द्या, एकट्याला नको.

आणि सरासरीवर निकाल लावू नका. सगळ्यांनी ३ दिलेल्या टॉकला कुणाची हरकत नसते, पण तो कुणाला हवाही नसतो. जिथं ५ आणि २ पडलेत तिथं चौघं समोरासमोर बसा. ५ देणाऱ्यानं आधी बोलायचं. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यांतली माणसं तिकीट काढून येणार असतील तर त्यांच्या कामाचं काय ठेवलंय, हेही तिथंच विचारा.

उद्यमनगरकर:
बोलले त्याच्याशी. कार्डावर लिहिणंच बंद केलंय म्हणे, नोंदी ऑफिसातल्या जुन्या पीसीवर जातात. नेटवर्क तुटलं तर काय, त्याचंही उत्तर आहे त्याच्याकडे. सुधारून पाठवतोय. बाकीच्यांनाही शुक्रवारपर्यंत मुदत दिली, रविवारी चौघं बसतोय. टॉक मराठीत चालेल का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी हो म्हणून टाकलंय.

शिरोली नाका:
चालेल काय, पळेल! फक्त स्लाइडवरचा कोड मोठ्या अक्षरात ठेवायला सांगा.