एचओ स्केल, डीसीसी: पुढची जोडी आणि मागचा बँकर यांचा वेग जुळवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी मॉडेल रेल्वेत एचओ स्केलवर, म्हणजे १:८७ प्रमाणात, गोवा-कर्नाटक सीमेवरच्या ब्रागांझा घाटाचा एक तुकडा उभा करतोय. कुळेंहून कॅसलरॉककडे चढणारी मालगाडी, पुढे दोन इंजिनं आणि मागून रेटणारा बँकर. खऱ्या घाटातला चढ १:३७, म्हणजे साधारण २.७ टक्के, तोच ठेवलाय. मालगाडीचं डिझेल इंजिन डब्ल्यूडीजी-४ हे ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या जीटी४६मॅकचं भारतीय रूप. त्याचं मॉडेल मला मिळालं नाही, म्हणून त्यातल्या त्यात जवळची अमेरिकी एसडी७०मॅक घेऊन रंगवली. दोन एका कंपनीची, तिसरं दुसऱ्या कंपनीचं. चालवतो डीसीसीवर, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश जातो. तो वाचून मोटर चालवणारे डिकोडर तिन्हींत आवाजाचे, पण तिसऱ्याचा वेगळा. अडचण या तिसऱ्याचीच आहे आणि तोच माझा बँकर.

आतापर्यंत केलं ते असं. सर्वांत हळू इंजिन प्रमाण धरलं, कारण पळणाऱ्याला आवरता येतं, हळू चालणाऱ्याला त्याच्या मोटरच्या पलीकडे पळवता येत नाही. मग डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या नोंदींपैकी (सीव्ही) २, ६ आणि ५, म्हणजे सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग, जुळवून घेतले. ३ मीटर सरळ रूळ मोजून त्यावर वेळ लावतो; ३० सेकंद लागले तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ताशी ३१ किमी होतात. वेगाच्या १२८ पायऱ्यांपैकी चाळिसाव्या पायरीच्या वर तिन्ही इंजिनं सुटी, एकामागून एक सोडली तर त्यांच्यातलं अंतर फेरीभर जसंच्या तसं राहतं.

खालच्या पायऱ्यांवर मात्र गणित बिघडतं. सुटताना बँकर आधी हलतो. पुढची जोडी जागेवरच असते, वाघिणींचे कपलर मागून एकेक करून मिटत येतात आणि बोगद्याआधीच्या वळणावर एखादी हलकी वाघीण बाहेरच्या रुळावर चाक चढवून पडते. चढाला लागल्यावर पुढची जोडी जराशी मंदावते, बँकर आपला वेग सोडत नाही, की पुन्हा तेच.

वाघिणींत वजन भरून पडापड कदाचित थांबेल, पण मला तसं नकोय. बँकर लागलेली गाडी घाटात कशी सुटते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल: पुढचा ओढा आणि मागचा रेटा एकत्र यायला हवा. तो क्षण बरोबर जमावा यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

तीन बिंदू सोडून २८ पायऱ्यांचा पूर्ण स्पीड टेबल, सीव्ही ६७ ते ९४, भरावा का? की हा बॅक-ईएमएफचा, म्हणजे भार आला तरी मोटरचा वेग टिकवून धरण्याच्या डिकोडरच्या सोयीचा, परिणाम आहे? इंजिनं जोडून चालवताना काही जण तो बंदच ठेवतात असं वाचलंय. पण मग चढावर बँकर अडून बसणार नाही का?

प्रतिसाद १

टेबलाला हात लावण्याआधी सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग धरण्याचा आणि वेग उतरण्याचा संथपणा, बघा. तिन्हींत सारखा आकडा असेल तर पाणी तिथेच मुरतंय. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकानुसार सीव्ही ३ गुणिले ०.८९६ म्हणजे शून्यापासून कमाल वेगापर्यंत लागणारे सेकंद. पण काही डिकोडरमध्ये हाच गुणक ०.२५ असतो. २० टाकले की एक इंजिन १८ सेकंद घेतं, दुसरं ५. वेग जुळवताना दोन्ही सीव्ही शून्य ठेवा, आणि नंतर आकडे नव्हे, सेकंद सारखे करा.

आवाजाच्या काही डिकोडरमध्ये इंजिनाचा आवाज चढेपर्यंत चाकं हलतच नाहीत. ती सोय एक तर तिन्हींत चालू ठेवा, नाहीतर तिन्हींत बंद.

टेबल भरायचाच झाला तर तो चालू करायला सीव्ही २९ मध्ये १६ मिळवा (६ असेल तर २२), नाहीतर भरलेलं वाया जाईल. २८ आकडे हाताने टाकत बसू नका. जेएमआरआयचं डिकोडर प्रो हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पट्ट्या वरखाली केल्या की झालं. बॅक-ईएमएफ बंद करू नका. फक्त बँकरमधला त्याचा जोर उतरवा, म्हणजे पुढची जोडी मंदावली की तोही दबेल.

धागाकर्ता

मनापासून आभार! सीव्ही ३ तिन्हींत २० आहे. घड्याळ लावलं तर बँकर पाच सेकंदांत कमाल वेगाला, पुढची जोडी जवळपास अठरा. बँकरचा आकडा ७२ केला. आता सुटताना पुढच्या अर्ध्या गाडीचे कपलर ताणलेले आणि मागच्या अर्ध्या गाडीचे मिटलेले दिसतात. हेच हवं होतं!

चढावरचं अजून बाकी आहे. बॅक-ईएमएफचा जोर उतरवला की बँकर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर आचके देतो. कमी वेगात पूर्ण जोर आणि वेग वाढेल तसा कमी, अशी मांडणी कोणी केली आहे का? आणि वरून बँकर एकटा उलटा परततो तेव्हा किंचित जास्त धावतो. त्यासाठी उलट्या दिशेचा वेग कमीजास्त करणारा सीव्ही ९५ वापरायचा तर टेबल चालू करावाच लागतो का?