मदत हवी आहे: पुणे स्टेशनजवळील बेघरांसाठी

सप्रेम सलाम. पुणे स्टेशनच्या परिसरात पदपथावर झोपणाऱ्यांना आमच्या चर्चमधील काही जण रविवारच्या उपासनेनंतर जेवण देतात. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात भुकेल्याला अन्न देण्याबरोबरच परक्याला घरात घेणे आणि आजाऱ्याचा समाचार घेणेही येते. तेथील एक वृद्ध गृहस्थ, पायाला जखम असूनही, महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात जाण्यास तयार नाहीत, कारण आपले सामान आणि सोबतचा कुत्रा बाहेर राहील अशी भीती त्यांना वाटते (ती मला अवाजवी वाटत नाही). ओळखपत्र नसलेल्या व्यक्तीला, तिच्या मनाविरुद्ध काही न करता, ससून रुग्णालयात उपचार मिळवून देण्याचा अनुभव कोणास आहे काय? जेवणापूर्वी प्रार्थनेचा आग्रह धरावा, असेही काहींचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण भुकेल्या माणसाकडे प्रार्थनेस नकार देण्याची मोकळीक नसते. आपल्या मंडळीत हे कसे हाताळता, तेही कृपया कळवावे.