शेजारच्या काकांनी स्टेशनला सोडलं, आता काय द्यावं?

बदलापूरकरीण: काल सकाळी धो धो पाऊस, एक रिक्षा थांबेना. गेटपाशी उलटी झालेली छत्री सावरत उभी होते तर दुसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याशी पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमची चांगलीच जुंपली होती, ते स्कूटर घेऊन आले, म्हणाले बस मागे, आणि स्वतःचा रेनकोट काढून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर टाकला, स्वतः चिंब. लोकल मिळाली. पेट्रोलचे पैसे दिले तर चालतील का?

लोकलपीडित: पैसे अजिबात नको, राग येईल त्यांना. घरी काही केलंस की डबा पाठव, अळूवडी वगैरे. आणि पार्किंगचा विषय डब्यासोबत काढू नकोस बाई 😄

वांगणीवाला: आपल्या पट्ट्यात हे नवीन नाही. जुलै २०१९ला पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली होती, हजारावर माणसं आत, एनडीआरएफ आणि नौदल आलंच, पण आजूबाजूच्या गावातली लोकंही मदतीला धावली, ओळख ना पाळख.

ठाण्याची मावशी: डबा रिकामा परत येणार नाही हे धरून चाल गं. काकू त्यात काहीतरी घालूनच पाठवतील, मग परत तुझी पाळी, आमचं असंच चालूय कित्येक वर्षं.

बदलापूरकरीण: चालेल, अळूवडी फिक्स. न खाजणारी पानं पूर्वेला कुठे मिळतील?