वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल आले. आता शिक्षकाने आधी काय शिकावे?

प्रश्न – माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

आमच्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल फळा, बसवले आहे. पॅनेल सुरू कसे करायचे, त्यावर लिहायचे कसे आणि फाइल कशी जतन करायची, एवढे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले. तेव्हापासून बहुतेक तासांना त्यावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडली जाते किंवा तयार व्हिडिओ लावला जातो. मुले शांतपणे पाहतात, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर समज पूर्वीइतकीच दिसते. मी गणित आणि विज्ञान शिकवते. तंत्रज्ञानाचा अध्यापनाला खरोखर उपयोग व्हावा म्हणून आणखी एखादे सॉफ्टवेअर शिकावे, की दुसरेच काही?

उत्तर १ – शिक्षक प्रशिक्षक, पुणे

मॅडम, आपल्याला मिळाले ते यंत्राचे प्रशिक्षण, आणि बहुतेक शाळांत गाडी तिथेच अडते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धती यांच्याखेरीज शिक्षकाजवळ आणखी एक खास ज्ञान असावे लागते: कोणती संकल्पना मुलांना जड जाते, का जाते आणि कोणत्या उदाहरणाने ती सुटते, याची जाण. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची जोड दिली. ती मांडणी ‘टीपॅक’ या नावाने ओळखली जाते. माझ्या मते तिचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. आधी घटकातील अडणारी जागा शोधावी आणि मग त्या जागेपुरते साधन निवडावे. दहा सॉफ्टवेअर वरवर येण्यापेक्षा दोनच नीट आलेली बरी.

उत्तर २ – गणित शिक्षक, नाशिक

सरांच्या म्हणण्याला दहावीच्या भूमितीतले उदाहरण जोडतो. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात, हे मुले पाठ करतात. पण शिरोबिंदू जीवेच्या टोकाजवळ सरकला की कोन बदलेल, असेच त्यांना मनातून वाटत असते. जिओजेब्रा या भूमितीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ, जीवा आणि तो कोन काढावा, मात्र बिंदू लगेच हलवू नये. कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील, हे प्रत्येकाला आधी वहीत लिहायला सांगावे आणि मगच एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावून बिंदू सरकवायला लावावा. ५० अंशांचा कोन ५०च राहतो, आणि बिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर गेला की एकदम १३० होतो. ‘असे का झाले?’ हा प्रश्न तिथे मुलेच विचारतात आणि चक्रीय चौकोनाची वाट आपोआप उघडते. त्यानंतर पॅनेल बंद करून सिद्धता फळ्यावर, वहीसह, सावकाश करावी, कारण आकृती हलवून खात्री पटते, सिद्धता मात्र होत नाही.

उत्तर ३ – विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर

विज्ञानात थोडी अधिक सावधगिरी हवी. एकसर जोडणीत पहिला दिवा विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’ आणि दुसऱ्याला कमी मिळते, असा समज नववीतही पक्का असतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत सिम्युलेशनमध्ये दोन्ही दिव्यांच्या अलीकडे-पलीकडे अ‍ॅमीटर लावून धारा सारखीच आहे हे दाखवता येते आणि सरकणारे इलेक्ट्रॉनही दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाहीत. पण पडद्यावर आपोआप सैल झालेली तार किंवा उतरलेला सेल भेटत नाही. त्यामुळे त्याच तासाला खरे सेल आणि दिवे मुलांच्या हातात द्यावेत. दिवा लागला नाही, तर दोष शोधणे हाही पाठाचाच भाग मानावा.

प्रश्नकर्ती

हे पटले. पण आमच्याकडे नेट टिकत नाही, आणि काही अ‍ॅप मुलांची खाती उघडायला सांगतात. त्याचे काय करावे?

उत्तर १ – शिक्षक प्रशिक्षक, पुणे

जिओजेब्रा आणि फेट दोन्ही आधी उतरवून घेतल्यास नेटशिवाय चालतात. शासनाच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक अ‍ॅपवरील साहित्यही डाउनलोड करून ठेवता येते. खात्यांबाबत मात्र घाई करू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वरचे दोन्ही पाठ एकाही विद्यार्थ्याचे नाव कुठे न नोंदवता घेता येतात, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.