कमरेच्या जुन्या दुखण्यासाठी मणक्याजवळ इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न – द्राक्ष बागायतदार, तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे आणि माझे वय ५२ आहे. कमरेचे दुखणे मला नवीन नाही, परंतु गेल्या पावसाळ्यापासून डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने कळ उतरते, पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात आणि फवारणी उरकून ट्रॅक्टरवरून उतरताना मडगार्ड घट्ट धरल्याशिवाय पाय जमिनीवर टेकवत नाही. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, विश्रांतीही झाली. एमआरआयमध्ये एल ४–एल ५ या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्याचे दिसते. मिरजेच्या डॉक्टरांनी मणक्याजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, घेऊन पाहण्याचा सल्ला दिला आहे.

घरात मात्र एकमत होत नाही. भावकीतले एक काका म्हणतात की मणक्यात सुई टोचून घेतलेला माणूस पुन्हा कामाचा राहत नाही, तर मेहुण्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ इंजेक्शननंतर आठवड्याभरात कामाला लागले असे मेहुणे सांगतात. फळछाटणी तोंडावर आली आहे आणि मला मधुमेह आहे. या इंजेक्शनाने नक्की काय साधते आणि त्यात धोका किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – भूलतज्ज्ञ, वेदना-उपचार विभाग, मिरज

तुमच्या लिहिण्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला पायातली कळ वाटते. दुखणे केवळ कमरेत असेल आणि पायात उतरत नसेल, तर एपिड्युरलचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी असते. नस दबून पाय दुखत असेल तरच हा उपाय विचारात घेण्याजोगा ठरतो. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच भेद केलेला आहे: निव्वळ कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये, मात्र नव्याने सुरू झालेल्या तीव्र सायटिकासाठी, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, एपिड्युरलचा विचार करावा.

गादी फाटून आतला मऊ भाग बाहेर आला की तो नसेवर दाब तर आणतोच, शिवाय त्यातील रसायनांमुळे नसेच्या मुळाशी सूज येते. स्टिरॉइड ही सूज उतरवते. सरकलेली गादी त्यामुळे जागेवर जात नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. बाहेर आलेला भाग बहुतेक वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, परंतु त्याला आठवडे किंवा महिने लागतात. तेवढा काळ रुग्णाला झोपता यावे आणि चालता यावे, एवढेच या इंजेक्शनाचे काम आहे.

प्रत्यक्षात तुम्हाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात, कातडी बधिर करतात आणि सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई पुढे नेतात. औषध सोडण्यापूर्वी थोडा डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडतात. तो नसेच्या कडेने पसरताना दिसला म्हणजे सुई योग्य जागी आहे आणि रक्तवाहिनीत नाही, याची खात्री होते. सी-आर्मशिवाय, नुसत्या अंदाजाने इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. बधिरतेचे औषध काही तासांत उतरते आणि स्टिरॉइडचा गुण दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात येऊ लागतो. मधल्या दिवसांत दुखणे परतले म्हणून घाबरू नये.

काकांची भीती सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१४ मध्ये इशारा दिला होता की एपिड्युरल स्टिरॉइडनंतर क्वचित दृष्टी जाणे, पक्षाघात, अर्धांगवायू किंवा मृत्यूही ओढवलेला आहे. अशा घटना अत्यंत विरळ आहेत, पण त्या रुग्णाला आधी सांगितल्याच पाहिजेत. त्याहून अधिक वेळा दिसणारा त्रास म्हणजे काही दिवसांची डोकेदुखी, चेहरा लालसर होणे आणि मधुमेह्यांमध्ये साखर वाढणे.

उत्तर – निवृत्त शिक्षिका, विटा

मी हे इंजेक्शन घेतलेले आहे, म्हणून लिहिते. टेबलावर काही क्षण पायात विजेसारखी कळ गेली, डॉक्टरांनी “ताई, हीच का तुमची नेहमीची कळ?” असे विचारले आणि त्यानंतर पाय जड झाला. आठवडा उलटण्याच्या आत पायाचे दुखणे बरेच ओसरले. ओट्याशी उभी राहून सगळ्यांच्या भाकरी करता येऊ लागल्या, जे त्याआधी जमत नव्हते. कंबर मात्र जशी होती तशीच राहिली, आणि काही महिन्यांनी पायातली कळही थोडी परतली, पण पूर्वीइतकी नाही.

साखरेबद्दल मला आधी कोणी बजावले नव्हते. उपाशीपोटीची साखर दुसऱ्या दिवशी एवढी चढली की यंत्र बिघडले असावे असे वाटून मुलाने शेजारून दुसरे आणले. त्यावरही आकडा तोच आला. पुढच्या आठवड्यात ती खाली आली. बागायतदार दादा, घरात ग्लुकोमीटर आणून ठेवा आणि गोळ्यांचा डोस तात्पुरता वाढवावा लागेल का, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

उत्तर – औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक, सातारा

वरील माहितीला एक जोड द्यावीशी वाटते, कारण ती दिली नाही तर चित्र आहे त्यापेक्षा उजळ दिसेल. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सायटिकावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात एपिड्युरल स्टिरॉइडने पायाचे दुखणे १०० गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे ५ गुणांनी कमी झाले, आणि तेही अल्पकाळापुरते. २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत तर तीन महिन्यांहून जुन्या मणकादुखीसाठी, पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठीसुद्धा, ही इंजेक्शने देऊ नयेत अशी ठाम शिफारस आहे. या प्रश्नातील दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेलेले दिसते.

उत्तर – भूलतज्ज्ञ, मिरज

प्राध्यापक महोदयांचे आकडे बरोबर आहेत आणि ते रुग्णांना सांगायलाच हवेत. वेदना-उपचार करणाऱ्या अनेक डॉक्टरांनी २०२५ च्या शिफारशीवर आक्षेप घेतला आहे, तरी माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. सरासरी ५ गुणांमागे ज्यांना काहीच गुण आला नाही असे पुष्कळ आणि ज्यांना चांगला गुण आला असे काही, दोघेही असू शकतात. तुम्ही कोणत्या गटात पडाल हे आधी सांगता येत नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शनाने पायाला काहीच फरक पडला नाही, तर तेच पुन्हा देत राहण्याला मी विरोध करतो. तीन इंजेक्शनांचे ‘पॅकेज’ आधीच ठरवून पैसे भरून घेणे तर मुळीच योग्य नाही.

आणखी एक: लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतील भाग व बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर इंजेक्शनाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तेथे शस्त्रक्रियेला उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते.

उत्तर – फिजिओथेरपिस्ट, सांगली

गुण आला की लोक थेट बागेत जातात, आणि माझी सगळी तळमळ ते टाळण्यासाठीच आहे. दुखणे कमी असलेले ते आठवडे चालण्यासाठी आणि पाठ-पोटाचे स्नायू बळकट करण्यासाठी वापरले नाहीत, तर इंजेक्शनाचे पैसे वाया गेले असेच मी म्हणेन. मांडवाखाली हात वर आणि मान मागे करून तासन्‌तास छाटणी केल्याने कमरेचा बाक वाढतो. दर अर्ध्या तासाला थांबून चार पावले चालावे. ब्लोअरच्या फवारणीत ट्रॅक्टरच्या हादऱ्यांचा मार थेट मणक्यावर बसतो, तेव्हा या हंगामापुरते ते काम दुसऱ्याकडे सोपवता आले तर अवश्य सोपवा. पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका.

प्रश्नकर्ता – तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. छाटणीला यंदा मजूर वाढवायचे आणि फवारणी पुतण्याकडे द्यायची, असे घरात ठरले आहे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून घेतो आणि सायंकाळी चालणे सुरू करतो. पंधरवड्यात कळ ओसरली नाही तर एकच इंजेक्शन घेण्याकडे माझा कल आहे. हृदयासाठी मी रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी घेतो. ती आधी बंद करावी लागते का?

उत्तर – भूलतज्ज्ञ, मिरज

हे सांगितलेत ते फार बरे झाले. ती गोळी चालू असताना सुई घातली तर मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन नसा दबण्याचा धोका असतो, म्हणून ती साधारणपणे काही दिवस आधी थांबवावी लागते. परंतु हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर ती अचानक बंद करणे त्याहून घातक ठरू शकते. त्यामुळे स्वतःहून एकही गोळी चुकवू नका. हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी घ्या आणि ती चिठ्ठी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना तारीख ठरवण्यापूर्वी दाखवा.