घरासाठी स्वस्तातला डेस्कटॉप : गोव्यातल्या मंडळींनो, तुमचे अनुभव सांगा

फोंड्याची आई
लेक यंदा अकरावीला. कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, त्यामुळे घरात डेस्कटॉप हवाच झालाय. मॉनिटरसकट तीस हजारांपर्यंत जाऊ शकतो. आमच्या घरी सायबरएज योजनेतून (सरकारने विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर दिले होते ती) आलेला भलामोठा मॉनिटर अजून माळ्यावर आहे, दीर मोडीत काढू देत नाहीत. दुकानात एक म्हणतो नवीनच घ्या, दुसरा म्हणतो रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, नीट करून परत विकलेला. जाहिराती नकोत. गोव्याच्या पावसात तुमचा डबा कसा टिकला ते सांगा.

निवृत्त मास्तर, सत्तरी
मी फसलोय, आधी ते ऐका. तीन वर्षांपूर्वी ‘आय फाइव्ह आहे मास्तर, डोळे मिटून घ्या’ म्हणून अकरा हजारांना जुना टॉवर आणला. आय फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर) होता खरा, पण चौथ्या पिढीचा, म्हणजे 2014च्या सुमाराचा. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, वर टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) हवं. पिढी नंबरातच लिहिलेली असते, बाई : 4590 म्हणजे चौथी, 8500 म्हणजे आठवी. हे मला कुणी सांगितलं असतं तर!
पुतण्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून दिली. आमच्या नाटक मंडळाच्या संहिता आता त्याच्यावरच टंकतो, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डाने. काही अडत नाही. फक्त जुन्या फॉन्टातल्या फायली उघडल्या की अक्षरांचा चिवडा दिसायचा, त्या सगळ्या युनिकोडमध्ये करून घेतल्या. आख्खा चवथीचा आठवडा गेला त्यात.

खारा वारा, काणकोण
आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. एका जुलैत बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन काळी, आणि आतून बीप-बीप. दुरुस्तीवाला आला, रॅमची (मेमरीची) पट्टी उपसली आणि मुलाच्या कंपासमधलं खोडरबर मागितलं. मला वाटलं थट्टा करतोय. पट्टीचे सोनेरी दात त्याने हलक्या हाताने घासले, रबराचा चुरा काळाकुट्ट निघाला. पट्टी परत बसवली आणि डबा सुरू! तीनशे रुपये घेतले. पुढच्या पावसात मीच केलं. (प्लग काढून, बरं का.)
तेव्हापासून पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी चालू ठेवतो. आत ऊब राहिली की ओल धरत नाही. वरून प्लास्टिकचं कव्हर घालणारे थोर लोक आहेत, त्यांनी ते आधी काढावं. मागच्या बाजूला पालीने अंडी घातली होती हे वेगळं सांगत नाही.

सुका बांगडा, साखळी
प्रोसेसरवर कितीही डोकं खाजवा, यूपीएस (लाइट गेल्यावर बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) घेतला नाही तर सगळं पाण्यात. 600 व्हीएचा पुरे. दहाएक मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी बास. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून चला. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, नाहीतर लाइट गेल्यावर तो जागा होईपर्यंत कॉम्प्युटर आपटलेला असतो.
आणि वीज. मे महिन्याच्या शेवटी गडगडाट सुरू झाला म्हणून मी शहाण्यासारखा प्लग काढला. नेटची वायर मात्र तशीच लावलेली. तेव्हा ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. राउटर गेला आणि त्याच वाटेने मदरबोर्डही गेला. आता ढग दिसले की आमची आई आधी नेटची वायर उपटते, मग अंगणातले कपडे.

वास्कोचा गेमर
पार्ट आणून स्वतः जोडला. हजार-बाराशे वाचवायला आय थ्री 12100एफ घेतला. त्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही! रात्री एक वाजेपर्यंत मॉनिटरची वायर बदलत बसलो होतो. शेवटी वेगळं कार्ड घ्यावं लागलं, वाचवलेल्याच्या चौपट गेले.

मडगावची आजी
माझा तर डबा दिसतच नाही. सुनेने मॉनिटरच्या पाठीला एन 100 प्रोसेसरचा छोटा पीसी लावून दिलाय, तळहाताएवढा. विजेचं बिल वाढल्याचं जाणवलं नाही. भजनं, तिकिटं, कुवेतच्या मुलाशी बोलणं एवढंच माझं काम. पण पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘आई, दिसत नाहीस.’ डेस्कटॉपला कॅमेरा वेगळा घ्यावा लागतो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

कचेरीतला माणूस, पणजी
कंपन्या काही वर्षांनी मशीन बदलतात, तेच डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर रिफर्बिश्ड म्हणून येतात. मी आठव्या पिढीचा, आठ जीबी रॅम, 256 जीबी एसएसडीवाला (हार्ड डिस्कऐवजी असते ती वेगवान डिस्क) साडेचौदा हजारांना घेतला. 22 इंची मॉनिटर नवा, साडेसहा हजारांना. यूपीएस तीन हजारांचा. मजबूत माल आहे, पण बारीक डबा घेत असाल तर दोन गोष्टी : आतला पॉवर सप्लाय कंपनीच्या मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड अर्ध्या उंचीचंच लागतं. वॉरंटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि हार्ड डिस्कवर विंडोज चालवायला कुणी दिलं तर सरळ बाहेर पडा, एसएसडीशिवाय ताजा प्रोसेसरही म्हशीसारखा बसतो.

फोंड्याची आई
कालच म्हापशाला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, ‘आय फाइव्ह आहे.’ मी म्हटलं, ‘नंबर वाचा.’ त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खालच्या कप्प्यातून दुसरा डबा काढला, 8500. मास्तर, तुमची फी झाली! यूपीएस आणि कॅमेराही घेतला, सगळं मिळून सव्वीस हजारांत. लेकीने पहिल्याच संध्याकाळी खोडरबर मॉनिटरजवळ ठेवलंय. माळ्यावरचा मॉनिटर द्यायला दीर अजून तयार नाहीत.