मदत हवी आहे : गाडी इतकी खाली की जॅकच आत जात नाही (तातडीचं)

पाना_दहाचा
मंडळी, लवकर सांगा. गाडी खूप खाली आहे, ट्रॉली जॅक आत जातच नाही. समोरून घालायला गेलं की बंपरला अडतो, बाजूने घातला की स्कर्टला (दाराखालच्या पट्टीला). ऑइल आणि फिल्टर बदलायचाय, जमलं तर पुढचे ब्रेक पॅड. सामान सगळं आणून ठेवलंय. व्हिडिओ भरपूर बघून झाले, त्यात ज्याच्या त्याच्या घरी लिफ्ट असते. आणि कृपया 'गॅरेजला न्या' असं कोणी सांगू नका.

निवांत_प्रवासी
गॅरेजला न्या. :)

तेलकट_हात
कोणती गाडी? कोणता जॅक? जमीन कशी? उचललेली गाडी टेकवायला स्टँड आहेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पाना_दहाचा
दोन सीटर आहे. जॅक साधा लाल, सगळ्यांकडे असतो तो.

तेलकट_हात
लाल हा रंग झाला हो. जॅक पूर्ण खाली करून वरच्या वाटीपर्यंतची उंची मोजा. साधे ट्रॉली जॅक १३०-१४० मिमीचे असतात, लो-प्रोफाइलवाले ७५-८० च्या आसपास. मग स्कर्टखाली किती जागा आहे ते मोजा. आणि मॉडेल सांगा, 'दोन सीटर' तर रिक्षाच्या मागेही असते.

वाऱ्यावरची_वरात
टायरमध्ये नायट्रोजन भरलाय का? माझ्या गाडीला फार फरक पडला.

पाना_दहाचा
नायट्रोजनचा इथे काय संबंध?? जॅक १३५ भरला, स्कर्टखाली ११०. माझ्दा एमएक्स-५, दुसरी पिढी. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलून गाडी अजून खाली घेतलीय. स्टँड दोन आहेत.

तेलकट_हात
हां, आता बोलता येईल.

नवा जॅक घ्यायची गरज नाही. पुढच्या प्रत्येक चाकासाठी दीड इंच जाडीच्या दोन फळ्या घ्या, टायरपेक्षा चांगल्या रुंद. एकावर एक ठेवून स्क्रूने पक्क्या करा, वरची थोडी आखूड म्हणजे पायरी होईल. पुढची चाकं हळूहळू वर चढवा, समोर एक माणूस उभा करा, पण गाडीच्या रेषेत नाही. नाक जवळजवळ तीन इंच वर येतं आणि तुमचा लाल जॅक आरामात आत जातो.

मग हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. पॅडसाठी चाकं काढणार असाल तर नट आत्ताच, टायर फळीवर टेकलेले असताना, पाव फेरा ढिले करा. जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या (इंजिनखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या) मधोमध लावून उचला, स्टँड दोन्ही बाजूंना सिलच्या (दाराखालच्या बॉडीच्या कडेच्या) ठरलेल्या जागी, आणि गाडी स्टँडवर उतरवा. जॅकवर उचलून धरलेली गाडी म्हणजे एका ऑइल सीलवर धरलेली गाडी. सील गळलं की तुम्हाला विचारत नाही. आत शिरण्याआधी बाहेरूनच गाडीला दोन्ही हातांनी चांगला हिसका द्या. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे.

सरळ_रेषा
तेलकटराव, क्रॉसमेंबरचं नका सांगू नवख्या माणसाला. खाली प्लास्टिकचं आवरण, अंधार, माणूस अंदाजाने पंप मारतो आणि वाटी ऑइल पॅनला (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) लागते. बाजूने सिलच्या कडेला खाच असलेला रबरी ठोकळा लावा, एकेक कोपरा उचला. मी कायम असंच करतो.

तेलकट_हात
आणि मग स्टँड कुठे लावता? सिलवर मजबूत जागा तेवढीच, तिथे तुमचा जॅक बसलेला. स्टँड शेजारच्या पत्र्यावर लावला की सिल चेपली. शिवाय छप्पर नसलेली गाडी, एकच कोपरा उचलला की बॉडी पिळते. तसंच उचलून दार उघडून बघा एकदा, लॉक नीट बसतंय का. क्रॉसमेंबर आणि मागे डिफरन्शियल (डिफ, दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी), या जागा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच दिलेल्या आहेत, माझ्या मनाच्या नाहीत.

सरळ_रेषा
मॅन्युअल लिहिणाऱ्याकडे उजेड असतो. मी एवढंच म्हणतोय की टॉर्च घेऊन, पालथं झोपून आधी बघा, मग पंप मारा. आणि मागे उचलताना गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जी लांब अल्युमिनियमची फ्रेम जाते तिला जॅक लावू नका. तिला 'लांबलचक हँडल' समजणारे लोक पाहिलेत मी.

तेलकट_हात
या दोन्हीशी सहमत. कोपऱ्याचं मात्र नाही.

जुना_खिलाडी
एवढा बाऊ कशाला? आम्ही चार सिमेंटचे ब्लॉक लावून अख्ख्या गाड्या उघडल्यात.

तेलकट_हात
काका, वाचलात हे तुमचं नशीब, पद्धत नव्हे. पोकळ ब्लॉक भिंतीत पसरलेला भार घ्यायला असतो. सिलची अरुंद कड त्यावर टेकली की तो चिरकत नाही, दबत नाही, एकदम भुगा होतो. लाकूड निदान आधी करकरतं. विटांचंही तेच.

जुना_खिलाडी
बरं. मग खड्डा खणा, आयुष्यभराची सोय.

रेवती_इंजिन
खड्ड्यात पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असते. खाली उजेडासाठी साधा बल्ब नेलात आणि तो फुटला तर संपलं. शिवाय ऑइल बदलायला खड्डा कोण खणतं?

@पाना_दहाचा, नुसतं ऑइल असेल तर कमी चढाचे रॅम्प बघितले का? चाकं काढता येणार नाहीत, पण गाडी स्वतःच्याच टायरवर उभी राहते.

पाना_दहाचा
बघितले, शेजाऱ्याचे आणून पण पाहिले. चाक टेकलं की रॅम्पच पुढे सरकतो, उतार आहे ना.

रेवती_इंजिन
उतार???

तेलकट_हात
उतार?!

पाना_दहाचा
थोडासाच. पावसाचं पाणी जायला असतो तेवढा. खाली पेव्हर आहेत.

तेलकट_हात
हे पहिल्या ओळीत लिहायचं, अहो! वर मी जे काही लिहिलं ते सपाट आणि कडक जमिनीसाठी होतं.

नीट वाचा. ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. म्हणून उचलताना जॅक गाडीकडे थोडा सरकावा लागतो, त्यासाठीच त्याला लोखंडी चाकं दिलीत. ती चाकं पेव्हरच्या फटीत अडकली की जॅक जागच्या जागी राहतो आणि वाटी गाडीच्या बुडावरून घसरते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, चौथ्या-पाचव्या पंपाला 'कर्र' असा बारीक आवाज येतो, तेवढाच इशारा. मातीत, खडीवर, उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर हेच. स्टँडचे पाय तर डांबरात रुततातच.

रेवती_इंजिन
आणि पुढेमागे मागची बाजू उचलायची वेळ आली तर एमएक्स-५ मध्ये गंमत बघा: हँडब्रेक मागच्या चाकांना, इंजिनचा जोर मागच्या चाकांना. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक निरुपयोगी, गिअर पण निरुपयोगी. गाडी धरायला पुढच्या चाकांखालचे ठोकळे तेवढे उरतात. उतारावर हे करणार?

वाऱ्यावरची_वरात
ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये टाका, विषय संपला.

रेवती_इंजिन
नाही संपत. पी गिअरबॉक्स अडवतो, चाक नाही. साध्या डिफमध्ये जोर घेणारं एक चाक हवेत असेल तर ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल घरंगळतं. मुळात त्यांच्याकडे मॅन्युअल आहे की ऑटो हेही त्यांनी सांगितलेलं नाही.

पाना_दहाचा
मॅन्युअल. बरं, कळलं. खालच्या पार्किंगमध्ये सपाट काँक्रीट आहे, पण तिथे लोक कुरकुर करतात.

सरळ_रेषा
कुरकुर करू देत. खाली पुठ्ठा अंथरा, ट्रे ठेवा, डाग पडला नाही की कोणी काही बोलत नाही.

निवांत_प्रवासी
माझ्या गाडीचं नाक स्पीडब्रेकरला घासतं, त्यावर काही उपाय आहे का? तिरकी घेतली तरी घासतं.

सरळ_रेषा
वेगळा धागा काढा.

पाना_दहाचा
अपडेट. खाली नेली. फळ्या चांगल्या बसल्या, जॅक अर्धा वीत आत गेला तेव्हा क्रॉसमेंबर दिसला. आवरणाला मधोमध भोक आहे, त्यातूनच वाटी लागते. आधी उगाच काळजी केली. स्टँडवर उतरवली, हिसका दिला, हलली नाही. दोन्ही चाकं काढून सिलखाली आडवी सरकवून ठेवलीत, जॅकही नुसता टेकवून ठेवलाय. पॅड झाले. ऑइल निथळतंय.

आता फिल्टर निघत नाही. इनटेकखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) हात जातो पण पकडच मिळत नाही, बोटं सोलली. इथेच विचारू की नवा धागा?

तेलकट_हात
इथेच विचारा. खालून भिडू नका. उजवं पुढचं चाक काढलेलंच आहे ना, त्या कमानीतून आत हात घाला, फिल्टर सरळ समोर येतो. नुसत्या हाताने नाही फिरला तर टोपीसारखा बसणारा पाना वापरा, पट्ट्याच्या पान्याला तिथे फिरायला जागा नाही. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलंय का ते बोटाने चाचपा, दोन रबरं एकावर एक बसली की सगळं ऑइल जमिनीवर. आणि फिल्टर काढताना थोडं ऑइल सांडतंच, तेव्हा पुठ्ठा तिकडे सरकवा.

सरळ_रेषा
नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि हातानेच आवळा. पान्याने आवळलात तर पुढच्या वेळी परत हीच बोटं सोलाल.

पाना_दहाचा
निघाला! कमानीतून दोन मिनिटांत. डबल रबर नव्हतं.

वाऱ्यावरची_वरात
छान. ऑइल कोणत्या ग्रेडचं टाकताय?

रेवती_इंजिन
आता इथे दोनशे प्रतिसाद येणार.